आनंदीबाईंचा केसपेपर

डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परदेशात जाऊन वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी त्या एक. त्यांच्यावर चरित्रे निघाली, कादंबरी, नाटक आणि चित्रपटही निघाला. या सगळ्यांत त्यांची जिद्द आपल्याला भेटते. मी सरकारी रुग्णालयात काम करणारा डॉक्टर आहे. सवयीने माझे लक्ष दुसरीकडेही जाते. या मुलीचे वय काय होते, ती जेवत काय होती, खोकला कधीपासून होता? बावीस वर्षेही न भरलेले हे आयुष्य केसपेपर म्हणून वाचले, तर त्यात आजच्या किशोरवयीन मुलामुलींच्या आणि त्यांच्या पालकांच्या कामाचे बरेच काही सापडते.

जन्म ३१ मार्च १८६५. कल्याणच्या जोशी घराण्यातली ही यमुना. नवव्या वर्षी तिचे लग्न गोपाळराव जोशी या पोस्टखात्यातल्या विधुराशी झाले. ते तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. यमुनेची आनंदी झाली. बायकोने शिकलेच पाहिजे, या हट्टाने गोपाळराव पेटलेले होते. त्या काळात ही गोष्ट दुर्मीळ होती. पण हा हट्ट कधी कधी मारहाणीपर्यंत जाई, हेही चरित्रांतून दिसते. शिकायचे की नाही, कुठे राहायचे, संसार कधी सुरू करायचा, यातले काहीच त्या मुलीने ठरवलेले नव्हते.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. बायकांना तपासायला बाई डॉक्टर नाही आणि पुरुष डॉक्टरांसमोर जायची चाल नाही, म्हणून उपचार मिळत नाहीत, हे त्यांनी स्वतःवरून जाणले. डॉक्टर व्हायचा विचार तिथे रुजला.

चरित्रकार इथून पुढच्या प्रकरणाकडे वळतात. मला चौदाव्या वर्षापाशी जरा थांबावेसे वाटते. मुलीला पाळी आली, उंची वाढायची थांबली, म्हणजे तिचे शरीर बाळंतपणाला तयार झाले असे नाही. कमरेची हाडे त्यानंतरही काही वर्षे रुंदावत असतात. हाडांमध्ये कॅल्शियमचा साठा होण्याचा मुख्य काळही हाच. या वयात गर्भ राहिला तर वाढती आई आणि वाढते बाळ एकाच ताटातून वाटून घेतात, आणि दोघांनाही कमी पडते. रक्तदाब वाढून झटके येणे, प्रसूती अडणे, बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग होणे, बाळ कमी दिवसांचे किंवा कमी वजनाचे जन्मणे, हे सारे धोके किशोरवयात जास्त असतात. दहा दिवसांचे ते बाळ गेले त्यात दैवाचा भाग किती हे कोण सांगणार? पण वयाचा धोका तिथे हजर होता.

कायद्याला हे कळायला वेळ लागला. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १८९१ मध्ये, संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा झाली. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा ठरवले, १९७८ मध्ये ते अठरा झाले. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांनी आपले लग्न अठराच्या आत झाल्याचे सांगितले. म्हणजे पाचातली एक. आमच्या प्रसूती विभागात आजही अशा मुली येतात, आणि सोबतची माणसे वय विचारले की एकमेकांकडे बघतात.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. पत्नीला अमेरिकेत शिकवायची खटपट करणारे गोपाळरावांचे पत्र तिथल्या एका मिशनरी मासिकात छापून आले. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी यायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेला तो अंक त्यांनी वाचला आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले. दोघींचे मावशी-भाचीसारखे नाते जुळले.

या काळात गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली होती. आनंदीबाईंची प्रकृती तिथे बरी नव्हती. अशक्तपणा, सतत डोकेदुखी, अधूनमधून ताप, कधी धाप लागणे. कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठवली, गुण आला नाही. आज सतरा-अठरा वर्षांची मुलगी या तक्रारी घेऊन आली, तर कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिल्यांदा हिमोग्लोबिन बघतील, वजन करतील आणि घरात कुणाला क्षय आहे का, हे विचारतील. तेव्हा यातले काहीही झाले नाही. ७ एप्रिल १८८३ रोजी, अठरा वर्षे नुकतीच पूर्ण झालेल्या आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीत बसल्या.

फिलाडेल्फियातल्या विमेन्स मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना प्रवेश मिळाला. हाडे गोठवणारी थंडी, अनोळखी अन्न आणि अभ्यासाचा डोंगर. त्यांनी शाकाहार सोडला नाही, साडी सोडली नाही. शाकाहाराला मी दोष देणार नाही. डाळी, दूध, शेंगदाणे, पालेभाज्या, फळे असतील तर शाकाहारी मुलगी उत्तम वाढते. पण परक्या मुलखात, त्या काळी, एकट्या विद्यार्थिनीला असे चौरस ताट रोज मिळणे कठीण. आधीच खंगलेले शरीर, वर अपुरे अन्न. त्यांना क्षयाने गाठले.

क्षयाची रीत समजून घेण्यासारखी आहे. जंतू शरीरात शिरलेल्या शंभर माणसांपैकी साधारण पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. बाकीच्यांत शरीर त्या जंतूंना कोंडून ठेवते. अंगातली ताकद खचली की हा पहारा सैल होतो. शाळकरी वयात क्षयाचे प्रमाण तुलनेने कमी असते आणि वयात येताना ते वाढू लागते. उपासमार हे क्षयामागचे एक मोठे कारण. झारखंडमध्ये झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयरुग्णाच्या घरातल्या माणसांना जादा शिधा दिला, तर त्यांच्यात नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. क्षयाचे औषध नाही, इंजेक्शन नाही, फक्त जादा शिधा आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये.

आनंदीबाईंनी ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली. प्रबंधाचा विषय होता हिंदू समाजातले प्रसूतिशास्त्र. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्री-विभागाच्या प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या त्या आजारी अवस्थेतच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरचा तो वॉर्ड त्यांना बघायला मिळाला नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे त्या कुटुंबाच्या स्मशानभूमीत ठेवल्या गेल्या.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू दाखवला तो १८८२ मध्ये, आनंदीबाई बोटीत बसल्या त्याच्या आदल्या वर्षी. पण त्या जंतूवरचे पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला १९४३ उजाडले. त्यामुळे त्या काळच्या डॉक्टरांकडे विश्रांती, मोकळी हवा आणि चांगले जेवण एवढेच सांगण्यासारखे होते.

आज तसे नाही. म्हणून ही गोष्ट मुलांना केवळ सोसण्याची गोष्ट म्हणून सांगू नये, असे मला वाटते. त्रास अंगावर काढून अभ्यास करणाऱ्या मुलीचे आपण कौतुक करतो. नीटची तयारी करणारी मुलगी सकाळचा नाश्ता टाळते, जिना चढताना दमते, वर्गात डोळे मिटतात, आणि घरचे म्हणतात, अभ्यासाचा ताण आहे. याच सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये आणि ३१ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळले. म्हणजे तो ताण बऱ्याचदा रक्तातला असतो.

करायच्या गोष्टी साध्या आहेत. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची निळी गोळी मुलामुलींनी जेवणानंतर घ्यावी, ती दप्तरात राहू देऊ नये. त्या वेळी चहा नको, लिंबू किंवा आवळा चालेल. वर्षातून दोनदा जंताची गोळी घ्यावी. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन बघावे, मुलीचे १२ च्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवावे. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची धनुर्वात-घटसर्पाची लस चुकवू नये. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटते वजन, रात्रीचा घाम यांपैकी काहीही असेल, तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते, औषधेही फुकट मिळतात, आणि नेहमीचा क्षय साधारण सहा महिन्यांच्या उपचारांनी बरा होतो. उपचार मात्र मध्येच सोडायचे नाहीत. आणि ओळखीत कुणा मुलीचे अठराच्या आत लग्न ठरत असेल, तर १०९८ हा नंबर फिरवायला घाबरू नये. तो चोवीस तास चालू असतो.

घरात दहा ते एकोणीस वयाचे कुणी असेल तर या आठवड्यात एकच काम करा. त्याला किंवा तिला जवळच्या आरोग्य केंद्रात न्या, वजन, उंची आणि हिमोग्लोबिन मोजून घ्या आणि आकडे तारखेसह एका वहीत लिहून ठेवा. आनंदीबाईंसाठी अशी वही कुणी ठेवली नव्हती.