आधी लहान बनवायचं, मग मोठं दाखवायचं : नाशिकच्या दादासाहेब फाळकेंची गोष्ट

रात्री झोपायच्या आधी रील्स बघताना तुमच्याही फीडवर असा एखादा व्हिडिओ येऊन गेला असेल. टेबलावर वीतभर डिझेल इंजिनाचे सुटे भाग पडलेत. कोणीतरी ते साबणाच्या पाण्यात धुतंय, पातळ प्रायमर मारतंय, मास्किंग टेप लावून पट्टे रंगवतंय. शेवटी सायलेन्सरजवळ काळी पावडर घासली की ते खेळणं अचानक मनमाड यार्डात उभं असलेलं खरं इंजिन वाटायला लागतं.

आपल्या रेल्वेचं गाजलेलं डब्ल्यूडीएम-२ इंजिन साधारण १७ मीटर लांब. मॉडेलवाल्यांच्या एचओ स्केलमध्ये, म्हणजे १:८७ मध्ये, ते जेमतेम २० सेंटिमीटरचं होतं. मी स्वतः एकदा हा उद्योग करून बघितलाय. रंग इतका जाड लागला की दारांच्या फटी, जाळ्या सगळं बुजून गेलं. तेव्हा कळलं, आकार लहान करणं सोपं असतं. लहान वस्तू बघणाऱ्याला मोठी वाटायला लावणं अवघड.

हेच काम आयुष्यभर करणारा एक माणूस आपल्या नाशिकजवळच जन्मला होता. आपण त्याला सिनेमाचा जनक म्हणून ओळखतो. पण त्याचं पहिलं सुवर्णपदक सिनेमाचं नव्हतं, एका मॉडेलचं होतं.

३० एप्रिल १८७०. त्र्यंबकेश्वरला धुंडिराज गोविंद फाळके जन्मले. वडील संस्कृतचे शास्त्री. मुलानेही पोथ्या वाचाव्यात अशी घरची परंपरा, पण याचा हात चित्रांकडे वळायचा. वडिलांना मुंबईत विल्सन कॉलेजात नोकरी लागली, कुटुंब मुंबईला आलं आणि १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. पुढे बडोद्याचं कलाभवन. तिथे तैलरंग, वास्तुकला, मॉडेलिंग, फोटोग्राफी, जे जे दिसेल ते शिकून घेतलं.

१८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली. त्या मॉडेलला सुवर्णपदक मिळालं. सिनेमाचा खेळ भारतात यायला अजून चार वर्षं होती. ७ जुलै १८९६ ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंचे चित्रपट दाखवले गेले, आणि त्यातल्या एकात स्टेशनात शिरणारी आगगाडी होती, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

पदक मिळालं म्हणून पोट भरत नाही. फोटो स्टुडिओ टाकला, तर कॅमेरा अंगातली शक्ती ओढून घेतो अशी लोकांची समजूत. गिऱ्हाईक फिरकेना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. पडदा रंगवणं म्हणजे दहा फुटांवर आख्खं अरण्य किंवा राजवाडा उभा करणं. मधल्या काळात प्लेगने पहिली पत्नी आणि मूल नेलं. एका जर्मन जादूगाराकडून हातचलाखी शिकले आणि स्वतःचं आडनाव उलटं करून ‘प्रोफेसर केल्फा’ नावाने प्रयोगही केले. १९०२ मध्ये दुसरं लग्न झालं, पत्नी सरस्वतीबाई. पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन आणि फोटोग्राफरची नोकरी, मग छपाईचा धंदा, त्यासाठी जर्मनीची वारी, शेवटी भागीदारांशी बिनसलं आणि तेही सुटलं.

वयाची चाळिशी उलटली होती. हातात काम नाही. अशात १९११ च्या ईस्टरला गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा बघितला आणि डोक्यात एकच घेतलं, पडद्यावर आपले राम-कृष्ण का नकोत?

त्यानंतर ते झपाटले. सतत सिनेमे बघणं, रात्री प्रयोग, झोप नाही. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली. विमा पॉलिसी गहाण ठेवली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठलं. तिथे कॅमेऱ्याची माहिती घेतली, विल्यमसन कॅमेऱ्याची ऑर्डर दिली आणि १ एप्रिलला परत.

आता सिनेमाला पैसे कोण देणार? फाळकेंनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. कॅमेरा समोर बसवला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. महिनाभराने ती पट्टी सलग चालवली, तर पडद्यावर दाण्यातून कोंब फुटून वेल झरझर वर चढला. ते बघून पैसे देणारे पुढे आले. आज मोबाईलवर टाइमलॅप्सचं बटण असतं, तेव्हा माणसाला स्वतःच बटण व्हावं लागायचं.

‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी घरच स्टुडिओ झालं होतं. सेटचे पडदे फाळकेंच्या हातचे. कच्च्या फिल्मला कडेची भोकं नसायची, ती अंधारात पाडायचं काम सरस्वतीबाई करायच्या. वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. तारामतीसाठी बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंकेंना उभं केलं. ३ मे १९१३ ला कोरोनेशन थिएटरात सिनेमा लागला आणि चालला.

यश मिळताच फाळकेंनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. गोदाकाठ, डोंगर, देवळं, सगळं हाताशी. इथे ‘मोहिनी भस्मासुर’ झाला, १९१७ मध्ये ‘लंका दहन’. त्यात साळुंके रामही झाले आणि सीताही.

याच काळात त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाची छोटी फिल्म केली. माझ्या मते फाळके खरे कळतात ते इथे. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची. मूकपटाचा वेग सेकंदाला साधारण १६ चित्रं धरला तर एका मिनिटासाठी ९६० वेळा हा उपद्व्याप. धक्का लागला की पुन्हा पहिल्यापासून.

मॉडेलची आणखी एक गंमत असते. ८७ मीटर उंचीवरून दगड खाली यायला चार सेकंदांहून जास्त लागतात. १:८७ च्या मॉडेलमध्ये तीच उंची एक मीटर, आणि खडा अर्ध्या सेकंदाच्या आत खाली. म्हणजे मॉडेल हुबेहूब बनवलं तरी ते पडताना खेळणंच वाटणार. म्हणून त्याचं चित्रण नऊपट वेगाने करून नेहमीच्या वेगाने दाखवावं लागतं. आग आणि पाणी तर त्याहून हट्टी, ज्वाळा आणि थेंब काही केल्या लहान होत नाहीत. जगभरच्या ट्रिकवाल्यांचा निम्मा जीव यातच गेलाय.

१९१८ मध्ये भागीदारीत हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. पुढच्या वर्षी ‘कालिया मर्दन’ आला, बाळकृष्ण झाली होती फाळकेंची लेक मंदाकिनी. भागीदारांशी पुन्हा खटके उडाले. फाळके सगळं सोडून काशीला गेले, ‘रंगभूमी’ नाटक लिहिलं, परत आले. तोवर जमाना बदलत होता. १९३१ मध्ये बोलपट आला आणि हाताने घडवलेल्या जादूपेक्षा गाणी-संवाद महाग झाले. ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून बनवला, नंतर त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी ‘गंगावतरण’ हा एकच बोलपट त्यांनी केला.

शेवटची वर्षं नाशिकमध्येच, ओढगस्तीत गेली. महायुद्धाच्या काळात सिनेमा काढायला सरकारी परवाना लागायचा. सत्तरी ओलांडलेल्या फाळकेंनी त्यासाठीही अर्ज केला. नकार आला. १६ फेब्रुवारी १९४४ ला ते गेले.

त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारकही आहे. सिनेमे मात्र बहुतेक हरवले. ‘राजा हरिश्चंद्र’ची थोडीच रिळं आज बघायला मिळतात, आणि ती यूट्यूबवर आहेत. पुढच्या वेळी इंजिन रंगवणाऱ्याचा व्हिडिओ संपला की तीही लावून बघा, आणि मागचे रंगवलेले पडदे नीट बघा.