सावित्रीबाई फुले : साथीच्या दिवसांतील शिक्षिका

सावित्रीबाईंचे चरित्र आपल्या समाजातील आबालवृद्धांस ठाऊक आहे, तेव्हा ह्या स्मरणिकेत ते पुन्हा कशास, असे कोणी म्हणेल. भिडेवाड्यातील शाळा, अंगावर झेललेले शेण व चिखल, पिशवीतील दुसरे लुगडे, ह्या गोष्टी दरवर्षी ३ जानेवारीस व्यासपीठावरून सांगितल्या जातात. परंतु त्या माउलीच्या शेवटच्या महिन्याकडे भाषण येईपर्यंत वेळ संपत आलेली असते, आणि प्लेगमध्ये त्यांचे निधन झाले एवढ्या एका वाक्यावर ते आवरले जाते. ज्यांनी उभा जन्म मुले शिकविण्यात घालविला, त्या आमच्यासारख्यांना त्याच एका वाक्याशी थांबावेसे वाटते.

त्यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. हे गाव आजच्या खंडाळा तालुक्यात मोडते. खंडाळा म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे बोरघाट उभा राहतो. हा खंडाळा तो नव्हे. पुण्याहून साताऱ्यास जाताना नीरा ओलांडली की शिरवळ लागते, आणि तेथून पुढे हमरस्ता सोडून आत गेले की नायगाव. नेवसे पाटलांचे घर आता स्मारक म्हणून जतन केलेले आहे. समाजातील प्रत्येक कुटुंबाने मुलांना घेऊन एकदा तरी ते पाहून यावे.

१८४० मध्ये वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह जोतीरावांशी झाला. पतीनेच त्यांना अक्षरओळख करून दिली, पुढे त्यांनी अध्यापनाचे रीतसर शिक्षण घेतले, आणि १८४८ पासून पुण्याच्या बुधवार पेठेत त्या मुलींना शिकवू लागल्या. हा भाग सर्वांस विदित आहे, म्हणून आम्ही तो येथेच सोडतो.

मात्र एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. शाळांचा व्याप ऐन भरात असताना सावित्रीबाई स्वतःच आजारी पडल्या आणि त्यांना माहेरी, नायगावास येऊन राहावे लागले. १० ऑक्टोबर १८५६ रोजी तेथून त्यांनी जोतीरावांस लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. भावाने आपली शुश्रूषा किती मनापासून केली हे त्यांनी त्यात सांगितले आहे, आणि आपल्या गैरहजेरीत सहकारी फातिमा हिच्यावर सगळा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वासही व्यक्त केला आहे. आजारी मास्तरणीला अंथरुणावर शाळेची काळजी लागावी, ह्याचे आम्हांस नवल वाटत नाही. तोच भाऊ त्यांना बोलही लावीत होता. महारमांगांच्या मुलांसाठी नवरा-बायकोने चालविलेले काम त्याला पसंत नव्हते. ज्या हातांनी औषध दिले त्याच हातांना अस्पृश्यांची शिवाशिव खपत नव्हती. सावित्रीबाईंनी त्याला शांतपणे उत्तर दिले. परंतु स्पर्श ह्या शब्दाचे दोन अर्थ त्यांना तेव्हाच पुरते उमगले असावेत असे आम्हांस वाटते. रोगाचा स्पर्श टाळावयाचा असतो. माणसाचा नव्हे.

फुल्यांच्या घरी बाहेरगावचे विद्यार्थीही राहत. मुंबईहून आलेल्या लक्ष्मण कराडी जाया ह्याने आईहूनही अधिक माया येथे मिळाली अशी आठवण लिहून ठेवली आहे. पुढे १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीस मुलांसाठी आश्रम उघडला, तेव्हाही उपाशी लेकरांना पोटाशी धरण्यात सावित्रीबाई पुढे होत्या.

येथे थोडे विषयांतर करतो. दिवसा येऊन संध्याकाळी घरी जाणारा विद्यार्थी आणि वसतिगृहात राहणारा विद्यार्थी ह्यांच्या आजारात फार फरक आहे. पहिल्यास ताप आला तर आई कपाळावर हात ठेवते. शिक्षकाने चार दिवस शाळेत येऊ नको एवढे सांगितले की झाले. दुसऱ्याला आई जवळ नसते. तीस मुले एका दालनात सतरंजीला सतरंजी लावून निजतात, पंचा एकमेकांचा वापरतात; गोवर, गालगुंड, खरूज, डोळे येणे, एकाला झाले की आठवड्यात दहांना होते. अशा वेळी व्यवस्थापकांस सोपा वाटणारा उपाय म्हणजे आजारी पोरगा गावी धाडून देणे. आम्हीही एका वसतिगृहात असताना कांजिण्यांनी फणफणलेल्या दहा वर्षांच्या मुलाला वरिष्ठांच्या सांगण्यावरून एस.टी.त बसवून दिले होते. तिकीट आम्हीच काढले. आठ तासांचा प्रवास त्या लेकराने खिडकीला डोके टेकून एकट्याने केला, आणि पुढे त्याची धाकटी बहीण व शेजारची मुलेही आजारी पडली. एक खोली रिकामी करून, त्याच्या उशाशी कोणी तरी बसून हे निभावले असते. ते आम्ही केले नाही, ही रुखरुख अजून आहे.

आता मूळ विषयाकडे येऊ. १८९० च्या २८ नोव्हेंबरला जोतीराव गेले. टिटवे हाती धरून सावित्रीबाई अंत्ययात्रेपुढे चालल्या. त्यानंतर सत्यशोधक समाजाची धुरा त्यांनी वाहिली. १८९३ मध्ये सासवडच्या परिषदेचे अध्यक्षपदही भूषविले. आणि १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग उद्भवला.

त्या रोगाची भीती आजच्या पिढीस सांगून कळणार नाही. घरात उंदीर पडू लागत, मग माणसास कडक ताप भरे, काखेत किंवा जांघेत गाठ येई, आणि अनेकदा चार-सहा दिवसांत कारभार आटोपे. हाँगकाँग येथे १८९४ मध्ये रोगाचे जंतू सापडले होते. पण उंदरांवरील पिसवा ते माणसापर्यंत आणतात हे १८९८ मध्ये कराचीस सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टराने दाखविले. हाफकिन साहेबांनी आपली लस १८९७ च्या जानेवारीत मुंबईत प्रथम स्वतःवर टोचून घेतली, ती सर्वांपर्यंत पोहोचण्यास अवकाश होता. म्हणजे सावित्रीबाईंच्या हाती ना कारण होते, ना औषध. होती ती शुश्रूषा. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी आपल्या समाजाचे भूषण, गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे प्लेगग्रस्तांची सेवा करता करता मुंबईत त्याच रोगाला बळी पडले. ही वार्ता पुण्यास पोहोचल्यावर हे काम किती जिवावरचे आहे ह्याविषयी कोणाच्या मनात शंका उरली नसेल.

दत्तकपुत्र यशवंत सैन्यात डॉक्टर होते. सावित्रीबाईंनी त्यांना बोलावून घेतले आणि हडपसरनजीक ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडविला. ही जागा पाहण्यासारखी आहे, कारण तीत मोठे शहाणपण होते. दाट वस्ती सोडून उघड्या रानात रोगी नेल्याने वस्तीतील इतरांचा काही अंशी बचाव होई. गावोगावचे लोकही उंदीर पडू लागताच घरे सोडून माळावर झोपड्या टाकीत, त्याचे मर्म मात्र घरातील उंदीर व पिसवांपासून दूर जाणे हे होते. सरकारनेही पुढे रोगी वेगळे काढले. १३ मार्चपासून गोरे शिपाई पुण्यातील घरे झडू लागले, माणसे ओढून नेऊ लागले, आणि त्याची परिणती २२ जूनला रँडवरील गोळीबारात झाली. रोगी वेगळा ठेवणे हे दोन्हीकडे समानच होते. मळ्यातल्या दवाखान्यात मात्र सहासष्ट वर्षांची म्हातारी स्वतः दारोदार जाऊन रोगी आणीत होती.

मुंढव्याच्या गावाबाहेरील महारवाड्यात बाबाजी गायकवाड यांचा मुलगा पांडुरंग प्लेगने पडला असल्याचे त्यांना कळले. त्या तेथे गेल्या, मुलाला पाठीवर घेतले आणि हडपसरपर्यंत चालत आल्या. मुंढवा ते हडपसर हे अंतर कोसभराहून कमी नाही.

सावित्रीबाई आपल्या ज्ञातीच्या, म्हणून आपण त्यांचा अभिमान बाळगतो आणि त्यांची तसबीर ह्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर छापतो. पण ते मूल आपल्या ज्ञातीचे नव्हते. आपल्या संघाच्या वसतिगृहात आजारी मुलांसाठी निराळी खोली असावी, ही सूचना बैठकीत मांडली जाते तेव्हा ती खोली कोणाच्या मुलांसाठी, असा प्रश्न निघतो. तो विचारणाऱ्यांनी मुंढव्याची वाट एकवार पायी चालून यावी.

पांडुरंगास आणल्यावर सावित्रीबाईंनाही रोगाने गाठले. १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. घरझडत्या त्यानंतर तीन दिवसांनी सुरू झाल्या. यशवंत पुन्हा आपल्या नोकरीवर गेले. १९०५ मध्ये पुण्यात प्लेग उसळला तेव्हा ते परत आले, पुन्हा रोग्यांच्या सेवेस लागले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, आईप्रमाणेच, प्लेगने गेले.