जोतीराव फुले आणि शेतकऱ्याचे गोधन

महात्मा जोतीराव फुले यांचे नाव काढले की भिडेवाड्यातील १८४८ ची मुलींची शाळा आठवते, १८७३ चा सत्यशोधक समाज आठवतो. परंतु जोतीराव हाडाचे शेतकरी होते आणि गुराढोरांचे व जमिनीचे नाते त्यांनी फार बारकाईने पाहिले होते, हे आमच्या बुऱ्हाणपुरासारख्या कापूस-केळीच्या मुलखात विशेष सांगण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे. पुण्यास येऊन फुलांचा व्यवसाय केला म्हणून फुले हे आडनाव पडले. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच वारल्या. वडील गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढून मळ्यातील कामास लावले. शेजारचे गफार बेग मुनशी व लिजिट साहेब यांनी आग्रह धरला, म्हणून १८४१ मध्ये शिक्षण पुन्हा सुरू झाले. पुढे खडकवासल्याच्या धरणासाठी दगड पुरविण्याचे कंत्राट त्यांनी घेतले, मांजरीस शेतीही केली. पुस्तकी पंडिताला न दिसणारे पुष्कळ काही त्यांना दिसे ते यामुळेच.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दक्षिणेत माणसांबरोबर असंख्य गुरेही मेली. १८७८ मध्येच जंगलाचा नवा कायदा झाला. या पार्श्वभूमीवर १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा आसूड' हा ग्रंथ लिहून पूर्ण केला. त्यांचे म्हणणे असे, की गावोगावची गायराने सरकारने जंगलात घातल्यामुळे गरीब कुणब्याच्या शेळ्या-गाईंना चरण्यास जागा उरली नाही. चारा नाही म्हणून बैल रोडावले. बैल थोडे म्हणून मशागत अपुरी. शेण थोडे म्हणून खत नाही. इकडे खाणारी तोंडे वाढल्याने जमीन पडीत टाकून तिला विसावा देण्याची चालही मोडली. तेव्हा पीक घटले तर दोष एकट्या कुणब्याच्या आळसाचा कसा? गोऱ्या शिपायांच्या आहारासाठी होणाऱ्या गुरांच्या कत्तलीवरही त्यांनी कठोर टीका केली. आमच्या मते दुष्काळाचा वाटा याहून मोठा असावा. पण गायरानांविषयीचे त्यांचे निदान अचूक होते यात शंका नाही.

विद्यार्थी मित्रांनी हे आपल्याच परिसरात पडताळून पाहावे. निमाडी बैल तांबडा, अंगावर पांढरे चट्टे असलेला, कष्टाला चिवट. ज्वारीचे शेत माणसाला दाणा आणि त्याला कडबा देते. केळीच्या बागेतून तसा कडबा निघत नाही. जनावर दुबळे असले तर तेवढ्याच कामाला आणि तेवढ्याच दुधाला जास्त जनावरे लागतात, आणि त्यांच्या चाऱ्यासाठी जास्त जमीन अडते. चांगल्या जातीची थोडी जनावरे पोसली तर तीच जमीन धान्याला मोकळी होते.

जोतीरावांनी सुचविलेले उपाय याच दिशेचे होते. गायराने गावांस परत द्यावीत. परदेशातून उत्तम जातीच्या शेळ्या-मेंढ्या आणून त्यांची पैदास करावी, म्हणजे लोकरीबरोबर खतही मिळेल. शेतांना ताली-बंधारे घालावेत, म्हणजे डोंगरावरून येणारे पालापाचोळ्याचे खत पाण्याबरोबर वाहून न जाता शिवारात मुरेल. शेतकऱ्यांची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्यावीत. शेवटचा उपाय स्वस्त होता, बाकीच्यांना पैसा आणि इच्छा दोन्ही लागत.

ग्रंथाची सुरुवातीची प्रकरणे 'दीनबंधू'त छापली गेली, पुढची छापण्याचे धाडस झाले नाही. जोतीराव मात्र थांबले नाहीत. १८८८ मध्ये मुंबईच्या सभेत लोकांनी त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली आणि त्याच वर्षी अर्धांगाने त्यांचा उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने 'सार्वजनिक सत्यधर्म' लिहिला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. तो ग्रंथ पुढच्या वर्षी प्रसिद्ध झाला.