सांखवाळच्या माडांतला उदास मुलगा

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक जण नक्की असेल. वर्गात असतो, पण नसल्यासारखा. कशातच मन लागत नाही. आपण त्याला काय म्हणतो? नाटकी. नाहीतर सरळ मेंटल. घरचे म्हणतात, कामाला लावा, सगळं ठीक होईल. आपल्या भिवंडीत तर रात्रभर मागांची खटखट चालू असते. त्यात कुणाच्या डोक्यातली खटखट कुणाला ऐकू येणार?

आज अशाच एका मुलाची गोष्ट सांगते. त्याचं नाव धर्मानंद कोसंबी. बौद्ध धर्माचे मोठे अभ्यासक म्हणून नाव ऐकलं असेल. पण त्याआधी ते कोण होते, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या सांखवाळ गावात त्यांचा जन्म झाला. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य. शाळा फारशी झाली नाही. घरच्या माडांची राखण करायची, जमेल तेवढं मराठी वाचायचं. लहान वयातच बाळाबाईंशी लग्न झालं. बाहेरून बघणाऱ्याला सगळं रीतसर चाललेलं दिसत होतं, पण आत निराशा होती. संसारात जीव रमत नव्हता. घर सोडून जावं, असं पुन्हा पुन्हा वाटायचं.

१८९७ मध्ये त्यांच्या हातात 'बालबोध' हे मुलांचं मासिक पडलं. त्यात बुद्धाचं चरित्र होतं. दुःख आहे, त्याला कारण आहे आणि त्यावर मार्गही आहे, असं कुणीतरी शांतपणे मांडलेलं त्यांना तिथे भेटलं. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, मग १९०२ मध्ये थेट सिलोन, म्हणजे आजचं श्रीलंका. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, सिलोनमध्ये पाली. ब्रह्मदेशात जाऊन ध्यानाचा अभ्यास केला.

इथे थांबू या. कारण ही गोष्ट ऐकून बॅग भरायची नाहीये! मागे बाळाबाई होत्या, तान्ही मुलगी होती. नवरा कुठे आहे, कधी येईल, काही माहीत नाही. त्या वर्षांची किंमत त्यांनी मोजली. आणि त्यांच्या मनाची विचारपूस कुणी केली असेल का? साधारण सात वर्षांनी कोसंबी घरी परतले आणि पुढे संसारही केला. गणितज्ञ आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी हे त्यांचेच चिरंजीव.

परतल्यावर त्यांनी कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवली. तिथे चांगला पगार मिळत असताना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे महिना ५० रुपये त्यांनी पत्करले. का? तर आपल्या माणसांत राहून मराठीत लिहिता यावं म्हणून. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. अमेरिकेत हार्वर्डला चार वेळा गेले. तिथे 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचं काम केलं.

आता हा ग्रंथ आपल्या कामाचा का, ते बघा. त्यात ध्यानाचे ४० विषय आहेत आणि माणसांच्या स्वभावाचे ६ प्रकार. ज्याचा जसा स्वभाव, त्याला तसं ध्यान. सगळ्यांना एकच गोळी नाही. एक स्वभाव आहे वितर्काचा, म्हणजे सतत विचारांच्या मागे धावणारा. आपल्या भाषेत ओव्हरथिंकिंग! त्याला उपाय सांगितलाय श्वासावर लक्ष ठेवण्याचा. मैत्रीची भावना करायची तर सुरुवात स्वतःपासून करायला सांगितली आहे. आणि हे सगळं एकट्याने नाही, तर कल्याणमित्राच्या, म्हणजे वाट दाखवणाऱ्या जाणत्या माणसाच्या मदतीने.

कोसंबींनी ही विद्या १९२५ मध्ये 'समाधिमार्ग' या पुस्तकातून मराठीत आणली. त्याच्या आदल्या वर्षी 'निवेदन' हे आत्मचरित्र आलं होतं. त्यात त्यांनी स्वतःची उदासी, चंचलपणा, चुका लपवल्या नाहीत. शंभर वर्षांपूर्वी, नावाजलेला विद्वान असताना! आणि आपण आज दोन दिवस झोप नाही लागली, हे सांगायलाही घाबरतो.

पुढे ते मिठाच्या सत्याग्रहात उतरले, तुरुंगात गेले. मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम इथे त्यांचं निधन झालं.

जुन्या पाली सुत्तांत एक विचार येतो. शरीराने निरोगी राहिलेली माणसं सापडतील, पण मनाला क्षणभरही रोग नाही, असा माणूस पूर्ण मुक्त झालेल्यांखेरीज विरळाच. म्हणजे तुम्ही, मी, तो मागच्या बाकावरचा, सगळे एकाच रांगेत. मग मेंटल कुणाला म्हणायचं?

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. ध्यान हे डॉक्टरांना पर्याय नाही. त्रास वाढला, जगणं नको वाटायला लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायचंच. सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. फोन मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आणि त्या गप्प बसणाऱ्या मित्राला आज चहाला न्या. सल्ला देऊ नका, फक्त ऐका. कल्याणमित्र व्हायची सुरुवात तिथूनच होते.