नांगराची खबर

सुरुवातीलाच कबूल करतो, दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे. र्‍हस्व-दीर्घ चुकलं तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं.

झालं असं की सेमिनारसाठी सरांनी मला टॉपिक दिला, ऑनलाइन वाइन विकणार्‍या दुकानाचं व्हायरल मार्केटिंग. हॉस्टेलवर दोन दिवस नुसता हशा. मी अर्धापूरचा. आमच्याकडे केळी, हळद, ऊस. वाइनचा संबंध कुठे येतो? तरी वाचलं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या गॅरी वेनरचक नावाच्या माणसाने 2006 साली कॅमेर्‍यासमोर बसून वाइन चाखायला सुरुवात केली. लोक ते एकमेकांना दाखवत गेले आणि घरच्या दुकानाचा धंदा वाढला. त्याआधी 1996 साली सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढलं तेव्हा प्रत्येक मेलच्या तळाशी एक ओळ टाकली होती, फुकट ई-मेल इथे मिळेल अशा अर्थाची. दीड वर्षात कोटीभर लोक! म्हणजे गिर्‍हाईकच जाहिरात करतं, तीही फुकट.

हे सगळं मी दिवाळीच्या सुट्टीत आखाड्यावर आजोबांना समजावून सांगत होतो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि कोपर्‍यात पडलेल्या जुन्या लोखंडी नांगराकडे बोट दाखवलं. त्यांच्या लहानपणी गावात असा नांगर आला तेव्हा दहा-दहा माणसं बांधावर उभी राहून तास कसं पडतंय ते बघायची, आणि रात्री पारावर त्याचीच चर्चा. सेमिनार बाजूला राहिला, मी लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या मागे लागलो.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. अभ्यासात मन नाही, चित्रकलेची आवड. म्हणून मोठे भाऊ रामूअण्णांच्या पाठिंब्यावर मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की त्यांना काही रंग नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाला हे कळणं म्हणजे काय, विचार करा. आपल्याला एम-थ्रीत केटी लागली तर आपण तीन दिवस जेवत नाही. हा माणूस यांत्रिक ड्रॉइंगकडे वळला, कारण त्याला रंग लागत नाहीत, आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाला. म्हणजे तेच व्हीजेटीआय, जे आपल्यापैकी निम्म्यांनी ऑप्शन फॉर्मवर पहिल्या नंबरला भरलं होतं आणि मिळालं नाही.

मुंबईत त्यांनी सायकल पाहिली. तेव्हा ती फार महाग आणि नवलाची वस्तू. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावात विकायचे. 1888 साली बेळगावात किर्लोस्कर ब्रदर्स अशी पाटी लागली. सायकल घेणार्‍याला ती चालवता कुठे यायची? मग चालवायला शिकवण्याचे 15 रुपये वेगळे. मला ही आयडिया जाम आवडली. गावातून एक माणूस तोल सांभाळत निघाला की त्याच्यामागे पोरं धावणारच. अशी जाहिरात कुठे मिळेल? आणि वर शिकवणीचे पैसे!

नोकरीत मात्र हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला मिळाली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावला येऊन छोटा कारखाना काढला. आधी कडबा कापायचं यंत्र, मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर.

इथे खरी गोष्ट सुरू होते. नांगर चांगला होता. लाकडी नांगर आमच्या काळ्या मातीत वरवर ओरखडे काढतो, हरळी-कुंद्याची मुळं खालीच राहतात. लोखंडी नांगर खोल जातो आणि ढेकूळ उलटं करून टाकतो. पण शेतकर्‍यांचा पक्का समज की लोखंडाने जमीन विषारी होते, पिकत नाही. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षं गेली. सहा नांगर, दोन वर्षं! डिझाइन बरोबर, कास्टिंग बरोबर, आणि गिर्‍हाईक नाही. आपल्या सिलॅबसमध्ये या प्रॉब्लेमवर एकही चॅप्टर नाही.

मला शेतकर्‍यांना हसावंसं वाटत नाही. ज्याच्याकडे एकच वावर आहे त्याने प्रयोग का करावा? एक हंगाम फसला तर घर बसतं. छापील जाहिरात वाचून तो विश्वास ठेवणार नव्हता, आणि वाचता येणारे होते तरी किती? त्याला शेजार्‍याच्या शेतात आलेलं पीक दिसायला हवं होतं. ते दिसलं तशी हळूहळू मागणी आली. चांगली बातमी जशी पसरते तशीच वाईटही पसरते, हे सरांच्या पीपीटीत नव्हतं. त्या विषाच्या अफवेला कुणी पैसे दिले नव्हते, तरी ती गावोगाव पोचली होती.

जम बसतो न बसतो तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितलं. यंत्रं घेऊन जायचं कुठे? औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर जागा आणि 10,000 रुपये बिनव्याजी दिले. जागा म्हणजे निवडुंगाचं माळरान आणि साप. 1910 साली तिथे किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढे स्टेशनचं नावही तेच झालं. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेनासं झालं तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर! (मेकॅनिकलवाल्यांनी यावर एक तरी पोस्टर करायला हवं.)

आणि आता माझ्या सेमिनारचा मुद्दा. 1920 साली कारखान्याने किर्लोस्कर खबर नावाचं मासिक काढलं. संपादक लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. सुरुवातीला कारखान्याची, मालाची माहिती, गिर्‍हाईक आणि एजंटांसाठी. पण शंकररावांनी त्यात हळूहळू गोष्टी, लेख, चित्रं, समाजसुधारणा असं सगळं आणलं. लोक ते स्वतः वाचून दुसर्‍याला देऊ लागले. पुढे नावातली खबर गळली आणि नुसतं किर्लोस्कर राहिलं. 1930 ला स्त्री आणि 1934 ला मनोहर अशी भावंडंही निघाली. ज्या घरात कधी नांगर लागणार नव्हता त्या शहरातल्या घरातही कारखान्याचं नाव पोचलं. नांगर विकण्यासाठी काढलेल्या अंकाची मराठी साहित्याच्या इतिहासात नोंद व्हावी, हे कुठल्या मार्केटिंग मॅनेजरला सुचलं असतं?

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 ला गेले. तोवर पंप, इंजिनं, मोटारी असा पसारा वाढला होता आणि मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत शिकून येऊन कारभार बघत होता. 1969 साली, जन्माला शंभर वर्षं झाली तेव्हा, त्यांचं पोस्टाचं तिकीट निघालं.

सेमिनारला मी पहिली स्लाइड वाइनची ठेवली आणि बाकीच्या सगळ्या नांगराच्या. सरांनी शेवटी एकच प्रश्न विचारला, तो सहावा नांगर कोणी घेतला असेल? मला सांगता आलं नाही. 25 पैकी 19 मिळाले. सुट्टीत गेलो की त्या नांगरावरची माती काढून कुठल्या कारखान्याचं नाव ओतलंय का, ते बघायचं राहिलंय.