तबल्याची शाई आणि रामनसाहेब

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा मराठीतल्या चुका पोटात घाला!

गॅदरिंगमध्ये आम्ही मेकॅनिकलवाल्यांनी ‘संगीतातलं विज्ञान’ असा स्टॉल लावला. माझ्या वाट्याला तबला आला. ढोल नुसता घुमतो, मग तबला सुरात कसा लागतो? व्हायब्रेशनच्या पुस्तकाप्रमाणे साध्या ताणलेल्या पडद्याची कंपनं मूळ कंपनाच्या १.५९, २.१४ अशा अर्धवट पटीत असतात. त्यातून सूर जुळत नाही. उत्तर शोधता शोधता सर सी. व्ही. रामन भेटले. आपल्याला ते फक्त रामन इफेक्टपुरते आणि २८ फेब्रुवारीच्या भाषणापुरते माहीत!

७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्लीला त्यांचा जन्म झाला. १९०७ मध्ये एम. ए. होताच ते सरकारच्या अर्थखात्यात लागले. पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवायच्या. कलकत्त्यात दिवसभर हिशेबाच्या फायली आणि ऑफिसच्या आधी-नंतर ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ची प्रयोगशाळा, असा त्यांचा दिनक्रम. मधे रंगून, नागपूर अशा बदल्या झाल्या, पण नाद सुटला नाही. १९१७ मध्ये त्यांनी ही मोठ्या पगाराची नोकरी सोडली आणि कमी पगारावर कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासोबत त्यांनी ‘नेचर’मध्ये मृदंग-तबल्यावर लेख लिहिला. सगळी करामत शाईची! मधल्या त्या वजनामुळे कंपनं १, २, ३, ४, ५ अशा पूर्ण पटीत येतात. हे गणित आपल्या कारागिरांनी नुसत्या कानांनी सोडवलं होतं. १९३४ मध्ये रामन यांनी या वाद्यांवर पुन्हा सविस्तर लिहिलं. पुडीवर बारीक वाळू पसरून कंपनांच्या आकृत्याही त्यांनी पाहिल्या. १९३० मध्ये प्रकाशाच्या संशोधनाला नोबेल मिळालं, तरी तबला डोक्यातून गेला नव्हता. २१ नोव्हेंबर १९७० रोजी ते गेले.

स्टॉलवर आम्ही वाळूऐवजी रवा वापरला. आकृती दिसली, गर्दीही जमली. ज्याचा तबला होता, त्याच्या शिव्या मात्र मीच खाल्ल्या.

मला पुढे ध्वनिशास्त्रात एम. टेक. करायचंय. घरचे म्हणतात, आधी कॅम्पसमधून नोकरी घे. पूर्वी मी भांडायचे. आता वाटतं, नोकरी घेईनही, पण संध्याकाळ माझी! दहा वर्षं रामनसाहेबांनी तेच तर केलं.