हॅरी हुडिनी आणि दोरीची विद्या

विख्यात जादूगार हॅरी हुडिनी यांचा जन्म १८७४ मध्ये बुडापेस्ट येथे झाला. अमेरिकेत वाढलेल्या हुडिनी यांना दोरीतून सुटण्याचे धडे १८९१ च्या एका पुस्तकातून मिळाले. मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणारे भोंदू स्वतःला बांधून घेऊन अंधारात हात कसे सोडवीत, हे त्यात उघड केले होते. बांधले जाताना छाती फुगवावी, स्नायू ताणावेत. नंतर अंग सैल सोडताच दोर ढिला पडतो. लांब दोर तर घट्ट बांधणेच कठीण, पण प्रेक्षकांना उलटेच वाटे! पुढे हीच विद्या त्यांनी भोंदूंविरुद्ध वापरली. पैसे घेऊन भविष्य सांगण्यावर बंदी घालणाऱ्या विधेयकासाठी १९२६ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनमध्ये साक्ष दिली. विधेयक मात्र संमत झाले नाही. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला डेट्रॉइट येथे त्यांचे निधन झाले.